फुलाच्या नावाचं मैदान: लिमाच्या अमांकाएसचं प्रकरण

लिमाच्या मुख्य चौकातून निघून दगडी पूल ओलांडला की रिमाक नदीपलीकडची जुनी वस्ती लागते. तिथून देस्काल्सोस मठाकडे जाणारा, संगमरवरी पुतळ्यांचा रस्ता धरून उत्तरेला चालत राहिलं, की उघड्याबोडक्या डोंगरांच्या कुशीतला एक सपाट भाग येतो. त्याचं नाव पाम्पा दे अमांकाएस, म्हणजे अमांकाएस फुलांचं मैदान. पेरूच्या या राजधानीतले लोक कित्येक पिढ्या जूनच्या अखेरीस इथे पिवळ्या फुलांचा बहर बघायला यायचे. आता सपाटीवर विटांची घरं आहेत, दुकानं आहेत, बस आहेत. फूल उरलंय ते वर, उतारांवर, खडकांच्या आडोशाला, थोड्याशा जागेत.

नाव राहिलं आणि झाड गेलं, हे काही नवलाचं नाही. चिंचपोकळीत चिंच आणि फणसवाडीत फणस शोधायला मुंबईत कोणी जात नाही. पण चिंच दुसरीकडे आहे, फणस दुसरीकडे आहे. अमांकाएसचं तसं नाही. पेरूच्या मध्य किनाऱ्यावरचे मोजके डोंगर सोडले तर ते रानात कुठेच उगवत नाही. शिवाय ते तोडून तोडून संपलं, असंही सरळ म्हणता येत नाही. ‘शहर वाढलं आणि फूल गेलं’ हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. लिमा चारही दिशांना वाढलं. मग नेमकी हीच जागा इतक्या सहज का गेली? माझ्या मते त्याचं उत्तर या झाडाच्या जगण्याच्या पद्धतीत आणि जमीन बघण्याच्या माणसांच्या सवयीत आहे. म्हणून सुरुवात झाडापासून.

पावसाशिवायचा पावसाळा

लिमा विषुववृत्ताच्या दक्षिणेला 12 अंशांवर, समुद्राला लागून आहे. याच खंडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, जवळपास याच अक्षांशावर ब्राझीलचं साल्वादोर शहर धो-धो पावसात भिजतं. लिमात वर्षभराचा पाऊस 10 मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे कोकणात जुलैतली एखादी सर पाच मिनिटांत तेवढं पाणी टाकून जाते.

कारण समुद्रात आहे. दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट प्रवाह किनाऱ्यालगतचं पाणी थंडगार ठेवतो. त्यावरची हवा थंड आणि जड, तिच्या डोक्यावर उबदार कोरड्या हवेचं झाकण. खालची हवा वर चढू शकत नाही, त्यामुळे पावसाचे ढग बनत नाहीत. बनतो तो राखाडी ढगांचा एक पसरट थर. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हा थर शहरावर ठाण मांडून बसतो. त्यातून जे भुरभुरतं त्याला तिथले लोक ‘गारुआ’ म्हणतात. छत्री उघडावी असं ते नसतं, पण कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना ओल धरते.

हा थर जिथे डोंगरांना टेकतो, म्हणजे साधारण 200-300 मीटरांपासून 800-1000 मीटरांपर्यंत, तिथे धुक्याचे थेंब दगडांवर, काटक्यांवर, पानांवर जमतात आणि जमिनीत उतरतात. एवढ्याशा ओलीवर सात-आठ महिने मेलेला डोंगर हिरवा होतो. स्पॅनिशमध्ये ‘लोमा’ म्हणजे नुसती टेकडी. पेरूच्या किनाऱ्यावर मात्र ‘लोमास’ म्हटलं की धुक्यावर जगणारी ही हिरवळच डोळ्यांपुढे येते. वाळवंटात विखुरलेली ही हिरवी बेटं उत्तर पेरूपासून चिलेपर्यंत सापडतात. मध्ये कोरडी जमीन असल्यामुळे एका बेटावरची झाडं दुसऱ्या बेटावर सहजासहजी पोचत नाहीत.

1835 मध्ये बीगल जहाज लिमाजवळच्या कायाओ बंदरात थांबलं असताना चार्ल्स डार्विनने हे पाहिलं होतं. आज चिलेत असलेलं, किनाऱ्यावरचं इकिके त्याने नुकतंच पाहिलं होतं; तिथले डोंगर रखरखीत होते. लिमाजवळचे, उंचीने फारसे वेगळे नसलेले डोंगर मात्र शेवाळाने आणि सुंदर पिवळ्या लिलींच्या ताटव्यांनी झाकलेले होते. त्या लिलींना अमांकाएस म्हणतात, असंही त्याने नोंदवलं आणि इथे दमटपणा बराच जास्त असला पाहिजे असा निष्कर्ष काढला. फुलावरून हवा ओळखली. आज त्याच डोंगरांकडे बघून तो काय लिहिता, कोण जाणे.

कांदा, फूल, बी

शास्त्रीय नाव इस्मेने अमांकाएस. कुळ अमॅरिलिडेसी, म्हणजे आपल्या बागांतल्या स्पायडर लिलीचं. ही भावकी चांगलीच जवळची आहे. स्पायडर लिली ज्या हायमेनोकॅलिस प्रजातीत येते, तिच्यात अमांकाएसही काही काळ धरलं जात होतं. त्याआधी, 1778 मध्ये पेरूत उतरलेल्या स्पॅनिश मोहिमेतल्या रुइस आणि पावोन यांनी त्याला नार्सिसस, म्हणजे डॅफोडिलच्या गटात घातलं होतं. मग ते पँक्रेशियम झालं, आणि विल्यम हर्बर्टने एकोणिसाव्या शतकात केलेल्या इस्मेने प्रजातीत अखेर स्थिरावलं. इस्मेने ही ग्रीक कथेतली अँटिगनीची बहीण, दोघींतली मागे राहणारी. नावांचा आणखी एक गोंधळ सांगून ठेवतो: अर्जेंटिना-चिलेच्या दक्षिणेला ‘अमांकाय’ म्हणून जे फूल दाखवतात ते अगदी वेगळं, आल्स्ट्रोमेरियाचं. केचुआ या पेरूतल्या मूळ भाषेतला हा शब्द लिलीसारख्या दिसणाऱ्या फुलांना लागला आणि जागोजागी वेगवेगळ्या झाडांवर बसला.

फूल झगझगीत पिवळं. सहा पाकळ्या, मध्ये पेल्यासारखी वाटी, वाटीवर हिरवट रेघा. गारुआ सुरू झाला की जमिनीतून दांडा वर येतो आणि बहर काही आठवड्यांत आटोपतो. पानं धुकं असेपर्यंत हिरवी राहून कांद्यात पुढच्या वर्षाची शिदोरी भरतात आणि उन्हाळा लागताच वाळून जातात. उरलेलं वर्षभर वर काहीच नसतं. ना खोड, ना काटकी. त्या जागेवरून चालत जाणाऱ्याला पायाखाली काही जिवंत आहे याची पुसटशीही शंका येणार नाही.

कोकणातल्या सड्यांवर फिरलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. दिपकाडी पहिल्या पावसाबरोबर कातळावरच्या चिमूटभर मातीतून वर येते, पांढरी फुलं देते आणि कांद्यात परत जाते. मे महिन्यात तिथे नुसता तापलेला जांभा असतो.

मग येतं बी, आणि मला वाटतं या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वाळवंटी फुलं म्हटलं की आपल्या मनात येतं ते वर्षानुवर्षं मातीत पडून राहणारं, एका पावसाची वाट बघणारं कोरडं बी. वाळवंटातल्या कित्येक हंगामी झाडांचं ते खरंही आहे. इस्मेनेचं बी तसं नसतं. ते मोठं, हिरवं, गरदार, एखाद्या छोट्या कांद्यासारखं असतं. त्याला पडून राहता येत नाही. ते लगेच रुजतं किंवा वाळून मरतं. म्हणजे या झाडाची मातीत ठेव नाही. जे आहे ते जिवंत कांद्यात. एखाद्या उतारावरचे कांदे गेले की दहा वर्षांनी चांगलं धुकं पडलं म्हणून तिथे आपोआप काही उगवणार नाही. बियाण्याच्या पेढीतही ते इतर बियांसारखं वाळवून, थंड करून साठवता येत नाही.

या झाडाने वाट बघण्याची सगळी भिस्त कांद्यावर ठेवली आहे, आणि कांदा दिसत नाही.

24 जून

आपल्याकडे मृग सरून आर्द्रा लागतात, त्याच सुमारास लिमात संत जॉनचा सण येतो. 24 जूनला अमांकाएसच्या मैदानात जत्रा भरायची. श्रीमंत घोड्यांवरून आणि बग्ग्यांतून, गरीब पायी किंवा गाढवावर. खाणंपिणं, गिटार, सामाक्वेका नाच, आणि परतताना टोप्यांत, केसांत, घोड्यांच्या लगामांत खोचलेली पिवळी फुलं. जर्मन चित्रकार रुगेंदासने 1843 मध्ये ही जत्रा रंगवली. लिमाचा स्वतःचा चित्रकार पांचो फिएरो याने जलरंगांत तिची माणसं पुन्हापुन्हा काढली. वसाहतीच्या काळातलं लिमा जातीपातींनी घट्ट बांधलेलं होतं. गोरे, काळे, मूळ रहिवासी आणि मिश्र वंशाचे लोक एकाच धुळीत एकाच दिवशी येत, असे प्रसंग तिथे थोडेच होते.

विसाव्या शतकात जत्रेला सरकारी वळण मिळालं. राष्ट्राध्यक्ष लेगियांच्या राजवटीत 1927 मध्ये याच मैदानात देशातल्या पारंपरिक संगीत-नृत्याची स्पर्धा सुरू झाली. अँडीज पर्वतातले वादक प्रथमच एवढ्या संख्येने राजधानीसमोर उभे राहिले. 1930 मध्ये 24 जून हा ‘इंडियन दिन’, म्हणजे पेरूच्या मूळ रहिवाशांचा दिवस, ठरला. 1969 मध्ये जनरल वेलास्कोच्या सरकारने त्याच तारखेला जमीन सुधारणा कायदा आणून त्याचं नाव ‘शेतकरी दिन’ केलं. तारीख मोठी होत गेली आणि जिच्यामुळे लोक मैदानात जमू लागले ती पिवळी फुलं बाजूला पडत गेली.

जत्रेने फूल संपवलं का? अपराधी म्हणून जत्रेचं नाव सहज घेतलं जातं, आणि थोडं तथ्य त्यात आहे. दांडा तोडला की त्या वर्षीचं बी गेलं. मातीसकट उपटलं की कांदाच गेला. या डोंगरांवर हंगामात गुरं-शेळ्याही चरायच्या, जळणासाठी झुडपं तोडली जायची. आणि झुडपं गेली की धुकं अडवणारे हात कमी होतात, खालची जमीन तेवढी कमी भिजते. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तोडणारे हात पिढ्यानपिढ्या येत राहिले आणि फूलही पिढ्यानपिढ्या येत राहिलं. दांडा तुटला तरी पानं आणि कांदा राहिले तर झाड पुढच्या वर्षी पुन्हा वर येतं. जत्रेने ते विरळ केलं असेल, संपवलं नाही. उलट, जत्रा होती तोवर त्या मैदानाचं एक काम होतं, आणि काम असलेली जागा कोणी रिकामी म्हणत नाही.

‘रिकामी’ जागा

1940 च्या जनगणनेत लिमाची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती. आज ती एक कोटीच्या घरात आहे. मधल्या काळात अँडीजमधून माणसं येत राहिली: शेतीत भागेना म्हणून, भूकंपाने घर गेलं म्हणून, आणि 1980 नंतर हिंसाचारातून जीव वाचवायला. शहरात त्यांना परवडेल असं घर नव्हतं. 1946 मध्ये सान कोस्मे टेकडीवर लोकांनी एकत्र जाऊन झोपड्या घातल्या, आणि ती वाट मळली. वेताच्या चटया, चार बांबू, वर झेंडा. मग वर्षानुवर्षं विटा, सिमेंट, वीज. 1961 च्या कायद्याने अशा वस्त्यांना मान्यता देण्याची रीत घालून दिली. अमांकाएसचं मैदान या लाटेत गेलं, आणि मग घरं उतारांवर चढू लागली.

या लोकांना दोष द्यायला माझं मन घेत नाही. त्यांतले कित्येक, याच मैदानात कधीकाळी ज्यांच्या संगीताला टाळ्या पडल्या, त्यांच्याच गावचे. पण आजचं चित्र 1950 च्या दशकासारखं राहिलेलं नाही. आता मध्ये जमिनीचा दलाल आहे. तिथे त्याला सरळ ‘जमीन तस्कर’ म्हणतात. तो डोंगरावर चुन्याने प्लॉट आखतो, यंत्राने कच्चा रस्ता काढतो, कसलेही हक्क नसलेली जागा घरासाठी आसुसलेल्या कुटुंबाला विकतो आणि पुढच्या डोंगराकडे वळतो. विकत घेणाऱ्याला वर नळ नाही, पाणी टँकरने येतं आणि श्रीमंत वस्तीतल्या नळाच्या पाण्यापेक्षा महाग पडतं. वर्षातले चार-पाच महिने ढगात राहणारी माणसं पाणी विकत घेतात. काही वस्त्यांनी धुकं अडवणाऱ्या जाळ्या लावून ते पाणी झाडांना आणि भाज्यांना वापरायला सुरुवात केली, ते यातूनच.

आता दोन्ही धागे जुळतात. उन्हाळ्यात, डिसेंबर ते एप्रिल, डोंगर तपकिरी असतो. चुन्याची रेघ तपकिरी जमिनीवर ठळक उठते. यंत्र घसरत नाही. बघायला आलेल्या कुटुंबाला माती आणि दगड दिसतात, आणि त्यांनी का शंका घ्यावी? कागदांवरही बराच काळ ही जमीन ओसाड, नापीकच होती. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असा शिक्का बसलेले कोकणातले सडे ज्यांना माहीत आहेत, त्यांना हे वेगळं समजावायला नको. जमीन बघायची ती पीक किंवा झाड किंवा इमारत शोधत. जिथे तिन्ही नाहीत तिथे काहीच नाही. सात-आठ महिने अदृश्य राहण्याने वाळवंटात जगायची सोय झाली, पण माणसांच्या हिशेबात अमांकाएस मुळात आलंच नाही.

जंगल तोडलं की निदान ओंडके पडलेले दिसतात. इथे यंत्राचं पातं वीतभर खोल फिरतं, सगळे कांदे निघतात, आणि आधीची व नंतरची जमीन डोळ्यांना सारखीच दिसते.

उपाय, आणि त्यांची गत

पहिला मोठा उपाय शहराबाहेर झाला. लिमाच्या उत्तरेला सुमारे 105 किलोमीटरवरच्या लाचाय लोमासला 1977 मध्ये राष्ट्रीय राखीव क्षेत्र केलं गेलं, क्षेत्रफळ 5,070 हेक्टर. तिथे अमांकाएस आहे, धुक्यातून पाणी पिणारी तारा आणि मितोची जुनी झाडंही आहेत. शहर दूर असल्यामुळे हे निभावलं.

दक्षिणेला, पाचाकामाकच्या डोंगरांत, एका सिमेंट कंपनीच्या जागेत अमांकाएसचा एक पट्टा राखलेला आहे. बहराच्या काही आठवड्यांत लोकांना तिथे सोडतात. खाणीचा धंदा करणाऱ्याने फूल सांभाळावं यात विसंगती दिसते आणि मलाही ती खटकते. तरीही हिशेब सरळ आहे: कुंपण आहे, पहारेकरी आहे, म्हणून चुन्याची रेघ पडत नाही. सार्वजनिक डोंगरांना इतकी वर्षं हेच मिळालं नव्हतं.

शहरातल्या लोमासना ओळख मिळायला 2010 चं दशक उजाडलं. 2013 पासून एकेका लोमाची नोंद ‘नाजूक परिसंस्था’ म्हणून होऊ लागली. डिसेंबर 2019 मध्ये ‘लिमाची लोमास व्यवस्था’ हे प्रादेशिक संवर्धन क्षेत्र जाहीर झालं: 13,475 हेक्टर, अनेक तुकड्यांत विभागलेलं, आणि त्या तुकड्यांत एक अमांकाएसचा. काही महिन्यांतच महासाथ आली, हातावर पोट असलेल्यांचं काम गेलं, भाडं थकलं, आणि डोंगरांवर नव्या झोपड्या चढल्या. जाहीरनामा निघणं आणि हद्दीवर खांब उभा राहणं यातलं अंतर दलालांना पक्कं ठाऊक असतं.

मला सगळ्यात लक्षणीय वाटतात ते वस्तीतल्या लोकांचेच गट. ज्यांचे आईवडील कधीकाळी चटया घेऊन आले, त्यांची मुलं आता हंगामात पर्यटकांना डोंगर दाखवतात, वाटा आखतात, कचरा उचलतात आणि नवीन रेघ दिसली की तक्रार करतात. व्हिया मारिया देल त्रिउन्फोच्या पाराइसो लोमासमध्ये, सान हुआन दे लुरिगांचोच्या मांगोमार्कात, रिमाकमध्येही हे चाललं आहे. यात धोका आहे. दलाल धमक्या देतात. पण इथे जागेला पुन्हा एक काम मिळालं आहे, पूर्वी जत्रेने दिलं होतं तसं. शनिवार-रविवारी चार पैसे मिळणारा डोंगर ‘रिकामा’ राहत नाही.

कांदे उचलून दुसरीकडे लावण्याचा मार्गही सुचवला जातो. ऐकायला सोपा आहे. पण थंड दमट हिवाळा आणि कडकडीत कोरडा उन्हाळा, हे चक्र ज्या उंचीवर मिळतं तो पट्टाच अरुंद आहे, आणि घरं चढतायत तीही त्याच पट्ट्यात. बाग म्हणून कुंडीत ते जगेल. जगलंही आहे, एका गमतीदार रूपात: युरोप-अमेरिकेतल्या बागांत विकली जाणारी ‘सल्फर क्वीन’ ही फिकट पिवळी लिली अमांकाएस आणि त्याच्या एका पांढऱ्या भाऊबंदाचा संकर आहे. तिचा पिवळा रंग याच डोंगरांवरून गेला. कांदा पुडीत बांधून टपालाने घरी येतो.

राहिलेला पेच

क्षेत्र जाहीर झालं, गट उभे राहिले, तरी एक अडचण जुनीच आहे. लोक डोंगरावर जातात ते हिरवळीत, जून ते ऑक्टोबर. फोटो, सहली, बातम्या, शाळांच्या भेटी, सगळं त्याच महिन्यांत. अमांकाएस स्वतः त्यातलेही पहिले काही आठवडेच दिसतं; ऑगस्टमध्ये येणाऱ्याला बेगोनिया भेटतात, अमांकाएसची नुसती पानं. डोंगर राखायचा असेल तर पहारा लागतो तो उरलेल्या सात-आठ महिन्यांत, जेव्हा दाखवायला काही नसतं आणि तिकीट काढून कोणी येत नाही. मार्गदर्शकाची कमाई थांबते तेव्हाच यंत्राची सुरू होते. बारमाही पगारी राखणदार, जमिनीत रोवलेले खांब आणि घरासाठी डोंगर चढणाऱ्यांना खाली परवडणारी जागा, या तिन्हींवर पैसा लागतो. तिसऱ्यावर सगळ्यात जास्त, आणि त्यावर बोलणं सगळ्यात कमी होतं.

फेब्रुवारीत अमांकाएसच्या वरच्या उतारावर उभं राहिलं तर खाली पत्र्यांची छपरं दिसतात, पायाशी ठिसूळ तपकिरी माती आणि दगड. कांदे वीतभर खाली आहेत. पलीकडच्या सोंडेवर कोणीतरी नुकतेच चौकोन आखलेले असले, तर चुना उन्हात लांबूनही चमकतो.